वानखडे मॅडमचं हिमोग्लोबिन आणि स्टाफरूमची कॉफी

स्टाफरूमचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गाळणीत चोथा साचतो तसे ते आपोआप साचतात, आणि मग एक दिवस गाळणी आपटावी लागते. आज मी आपटते आहे! अमरावतीतल्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. त्यामुळे तब्येतीचं काहीही निघालं की सगळे आधी मला विचारतात आणि नंतर आपल्या मनाचंच करतात. यंदा तर कॉफीनं माझा अंत पाहिला.

सुरुवात केली देशमुख सरांनी. सर गणित शिकवतात, मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि फोनवर आलेला कुठलाही व्हिडिओ त्यांना पटतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "चहा बंद! कॉफीनं लिव्हर साफ होते, हार्ट मजबूत होते, शुगर जवळ येत नाई. उद्यापासून सगळ्याइले कॉफी!"

दुसऱ्या दिवशी शिपाई गजाननभाऊंनी कॉफी केली. पातेलंभर दूध, मुठीनं साखर, वरून किसलेलं जायफळ आणि शेवटी चिमूटभर कॉफी. मी एक घोट घेतला, ती चक्क पातळ बासुंदी होती.

मी विचारलं, "गजाननभाऊ, यात कॉफी कुठं आहे?"

"कलर आला ना मॅडम!"

तोवर देशमुख सरांचा दुसरा कप संपला होता. पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "लिव्हर हलकं वाटून राह्यलं आतापासूनच!"

*

इथवर मी हसत होते. पण त्याच महिन्यात वानखडे मॅडमचा रिपोर्ट आला आणि माझं हसू गेलं.

वानखडे मॅडम मराठी शिकवतात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. वर्षभर त्यांच्या अंगावरून फार जात होतं. तपासलं तर गर्भाशयात गाठ. गाठ साधीच होती, पण काढणं भाग होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तस्राव कमी व्हायच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "हिमोग्लोबिन दहा झाल्याशिवाय मी हात लावणार नाही." मॅडमचं होतं साडेसात! जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबायच्या आणि हातातल्या वह्या मोजायचं नाटक करायच्या. मुलगी बारावीला, म्हणून ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीतच व्हायला हवं होतं.

एकदा कोणी नसताना त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मले काई झालं तं पोरीचं कोन पाहीन?"

काहीही होणार नाही असं मी ठणकावून सांगितलं. आतून मीच घाबरले होते.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. साडेसातच! रोज गोळी घेऊनही पॉईंटभर फरक नाही. मला कळेना. मग एका दुपारी डबा झाल्यावर मॅडमनी पर्समधून गोळी काढली, तोंडात टाकली आणि वरून कॉफीचा भलामोठा घोट घेतला.

"हे काय करताय?"

"गोळीले कसातरीच वास येते, मॅडम. कॉफीनं दबते."

मी कपाळावर हात मारला. कॉफी लोह अंगी लागू देत नाही, हे मी त्यांना फळ्यावर काढून समजावलं. पोट, गोळी, कप, बाण, सगळं काढलं. दोन्ही सोबत घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं! देशमुख सर मागून म्हणाले, "पन कॉफीनं लिव्हर साफ होते ना!" मी हातातला खडू त्यांना मारला नाही, एवढंच.

*

जायफळाचा किस्सा इंगळे सरांचा. इंगळे सर अकोल्याहून रोज रेल्वेनं अप-डाऊन करतात. पहाटे उठायचं, गाडीत डुलकी लागायची, अमरावतीसाठी उतरायचं बडनेरा चुकेल ही धास्ती. कॉफीनं झोप उडते हे देशमुख सरांनी सांगितल्यावर त्यांनी घरून थर्मास आणायला सुरुवात केली. गाडी सुटली की एक कप.

त्या आठवड्यात पहिल्या तासाला मला त्यांचा फोन, "मॅडम, माझा तास घेता का जरा? मी धामणगावले हाओ."

"धामणगावला? ते तर बडनेऱ्याच्या पुढं!"

"कॉफी पेलो अन् झोपच लागली ना जी!"

तिसऱ्यांदा धामणगाव झालं तेव्हा मी थर्मास उघडून वास घेतला. निम्मं जायफळच! आमच्याकडे झोप येत नसेल तर दुधात जायफळ देतात, आणि हे गृहस्थ ते पिऊन जागं राहायला निघाले होते. मी त्यांच्या मिसेसना फोन केला, की सरांना गाडीत झोप लागते, कॉफी स्ट्राँग करा.

त्यांनी खरंच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कॉफी दुप्पट होती. जायफळही दुप्पट होतं.

सरांचा फोन आला, "मॅडम, आज धामणगावई मागं गेलं. हे पुलगाव हाय."

*

ऑगस्टमध्ये वानखडे मॅडमचा रिपोर्ट आला. सात पॉईंट दोन! वाढायचं सोडून उतरलं होतं. मी हादरले.

"मॅडम, मी सांगितलं होतं तसं केलं ना?"

"केलं ना! तुमीच म्हनल्या, दोन्ही सोबत नाई घ्यायचं."

"मग?"

"मंग मी गोळी सोडली!"

त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. भांडावं की रडावं ते समजत नव्हतं, शेवटी दोन्ही केलं. मॅडमही रडल्या. मग आम्ही ठरवलं की सकाळची गोळी त्यांनी मला फोन करून, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. गिळल्याचा आवाज मला ऐकू यायला हवा.

*

देशमुख सर एव्हाना काळ्या कॉफीवर आले होते. काळी कॉफी चरबी जाळते, असं नवीन व्हिडिओत होतं. म्हणून सर कॉफीसोबत तळून दह्यात बुडवलेला गिला वडा खायचे. जळायला काहीतरी पाहिजे ना!

चाचणी परीक्षेच्या दिवशी वर्गात सुपरव्हिजन करता करता त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. "अटॅक आला," असं पोरांना सांगून ते खाली बसले. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत सरांनी बाग कोणत्या मुलाला द्यायची हेही सांगून टाकलं. ईसीजी अगदी चांगला निघाला.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून कॉफी किती?"

"सात कप."

"सात!"

"पन बिनासाखरेची हाय ना, सायेब!"

*

मग मात्र मी स्टाफरूममध्ये कॉफीबंदी केली. वास आला की वानखडे मॅडमचा हात कपाकडं जायचा, हे मला दिसत होतं. कॉफीची बाटली कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांची डोकी ठणकायला लागली. रोजची कॉफी एकदम तोडली की डोकं दुखतं आणि काही दिवसांत आपोआप उतरतं, हे मी सांगत होते. कोण ऐकतं! देशमुख सरांनी डोक्याला रुमाल बांधला होता. इंगळे सर बाम चोळून टेबलावर डोकं टेकून पडले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि माझ्याशी तर नाहीच.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई आत आल्या. दारातच थबकल्या, सगळ्यांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

संध्याकाळी बाईंनी किल्ली मागून घेतली. एकच अट मी मान्य करून घेतली. वानखडे मॅडमना शाळेत कॉफी नाही.

*

सप्टेंबरात आठ पॉईंट एक. नंतर नऊ पॉईंट तीन. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सोमवारी दहा पॉईंट दोन! मॅडमनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझा हात धरला. त्या दिवशी त्या जिना एका दमात चढून आल्या होत्या. मी आयुष्यात पुष्कळ निकाल पाहिले, इतका आनंद कुठल्याच निकालाचा झाला नव्हता.

ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टरीणबाईंनी एक बाटली रक्त तयार ठेवायला सांगितलं, त्या बदल्यात कोणीतरी रक्तपेढीत रक्त द्यायचं होतं. मी तिथल्या तिथं पदर खोचला. देशमुख सरही निघाले. गजाननभाऊंनी महिन्यापूर्वीच एका शिबिरात रक्त दिलं होतं, त्यामुळे त्यांचं इतक्यात चालणार नव्हतं, तरी ते सोबत आले.

वाटेत मी म्हटलं, "सर, तुम्ही राहू द्या. तुमच्या अंगात रक्त कमी, कॉफीच जास्त असेल. मी देते."

पहिला नंबर माझा लागला. तिथल्या मुलीनं बोटाला सुई टोचली, मशीनकडं पाहिलं. मग दुसरं बोट मागितलं, पुन्हा टोचलं, पुन्हा पाहिलं.

"तुमचं नाई घेता येत, मॅडम."

"का?"

"नऊ पॉईंट आठ हाय. आता तं तुमालेच गोळ्या लागतीन."

मशीन बिघडलं असेल, असं मी म्हणाले. तिनं त्याच मशीनवर देशमुख सरांचं पाहिलं. साडेचौदा! सर रुबाबात कॉटवर आडवे झाले, बाटलीभर रक्त दिलं, उठून बसले. रीतीप्रमाणे त्यांना दोन बिस्किटं आणि गरम कॉफी मिळाली. त्यांनी माझ्याकडं पाहून कप किंचित उचलला.

ती मुलगी माझा फॉर्म बाजूला ठेवत म्हणाली, "मॅडम, जेवनावर चहा-बिहा घेता का? त्यानं बी लोह अंगाले लागत नाई."

मी भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागले.

"घेतात ना!" गजाननभाऊ कौतुकानं म्हणाले. "मॅडमले कॉफी चालत नाई. चहाचा एक कप डब्यासोबत, एक डब्यावर. मीच तं देतो आनून!"