अठ्ठावीसशे सीसी आणि आमचं कंपाउंड

आमच्या सोसायटीचा एक अलिखित नियम आहे आणि तो लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जातो. गाडी लावली की न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा नाही. डोंबिवलीजवळ कोपरला आमची इमारत उभी राहिली तेव्हा लोकांकडे स्कूटर होत्या, त्याही मोजक्याच. आता त्याच कंपाउंडात एकामागे एक अशा दोन रांगांत गाड्या लागतात. मागच्याला निघायचं असलं की पुढची गाडी ढकलून बाजूला करायची, चाकाला वीट लावायची आणि जायचं. गाऊनवर ओढणी घेतलेल्या बायकासुद्धा एका हातात दुधाची पिशवी धरून दुसऱ्याची गाडी ढकलतात. बारा वर्षं मी सगळ्यांच्या गाड्या ढकलल्या आणि सगळ्यांनी माझी.

अशा कंपाउंडात मी अठ्ठावीसशे सीसीचं डिझेल इंजिन आणून उभं केलं.

का आणलं, याची उत्तरं मी माणूस बघून दिली. खरं उत्तर घाटात आहे. आमची आधीची छोटी गाडी गावाला जाताना धापा टाकायची. चढ लागला की मी एसी बंद करायचो, तेवढ्यानं भागलं नाही तर बायकोला आणि मेव्हण्याला खाली उतरवायचो. ती दोघं कडेनं चालायची, मी पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर जायचो आणि शेजारून मोठ्या गाड्या काचा न उतरवता निघून जायच्या. त्या काचांच्या आत बसून कसं वाटतं, ते मला एकदा बघायचं होतं.

शोरूमच्या पोरानं मला माणकोलीच्या नव्या पुलावर नेलं. सकाळची वेळ, पूल मोकळा. "दाबा सर," तो म्हणाला. मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीला हात लावून कुणी पुढे लोटावं तशी ती दोन टनांहून जड गाडी सुटली. एक्कावन्न वर्षांचा मी, रोज रक्तदाबाची गोळी घेणारा, एकटाच मोठ्यानं हसलो. हौसेला मोल नसतं म्हणतात. घाट वर्षातून एकदा लागतो आणि रेल्वे फाटकाजवळचा बाजार रोज, हे मला त्या पुलावर सुचलंच नाही.

गाडी आल्यावर सुचलं. डोंबिवलीत ती ताशी वीसच्या वर कधी गेली नाही. लिटरला आठ किलोमीटर. आमच्या गल्लीत शिरताना आरसे मिटून घ्यावे लागत आणि मागच्या रिक्षावाल्यांचे आशीर्वाद ऐकावे लागत. तरी संध्याकाळी मी खाली जायचो, जागेवरच इंजिन चालू करायचो आणि पाच मिनिटं तो घुमणारा आवाज ऐकत बसायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण खरी गोम वेगळीच होती. गाडी ऑटोमॅटिक. बंद केली की चाकं आपोआप जखडून टाकते. न्यूट्रलमध्ये सोडून जाता येत नाही, आणि येत असतं तरी ती बायकांनी दुधाची पिशवी धरून ढकलण्यातली नव्हती. म्हणून ठरलं की तळमजल्यावरच्या काकांच्या दारामागच्या खिळ्याला माझी चावी टांगायची. ज्याला निघायचंय त्यानं गाडी सरकवावी.

दोन आठवडे मी ते सहन केलं. मग एका सकाळी माझी सीट पुढे ओढलेली दिसली, आरसा दुसऱ्याच कुणाच्या उंचीला लावलेला. माझं डोकं फिरलं. काम एवढंच होतं की गाडी सहा फूट सरकवायची, पण माझ्या इंजिनावर कुणा भलत्याचा पाय पडतो, हे मला खपेना. मी चावी परत घेतली. "फोन करा, मी खाली येतो," असं सगळ्यांना सांगितलं; अगदीच लांब जायचं असलं तरच चावी खिळ्याला लावून जायचं ठरलं.

आणि मी अडकलो. माझं काम बहुतेक घरूनच चालतं, त्यामुळे सुटकाच नाही. दाढीला साबण लावला की फोन, पहिला घास घेतला की फोन. फिरायला जाणं बंद झालं, कारण मी कोपऱ्यापर्यंत पोचलो की कुणाला तरी निघायचं असे. बायको म्हणाली, "दारात हत्ती बांधलायस ना, आता बस माहूत होऊन." मी चिडलो. ज्या गाडीनं कुठेही जाता येईल म्हणून घेतली, तिच्यापायी मला घराबाहेर पडता येत नव्हतं.

माझ्या बरोबर मागे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाची छोटी गाडी लागायची. काकूंचं डायलिसिस चालू होतं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. कल्याणला साडेआठला मशीन मिळायची. उशीर झाला तर मागचा पेशंट थांबत नाही, तेवढे तास कमी होतात आणि अंगात पाणी राहतं. हे मला माहीत होतं. त्या तिन्ही दिवशी मी पावणेआठच्या आत खाली जाऊन गाडी काढून द्यायचो, ते एक काम मी कधी चुकवलं नव्हतं.

एका मंगळवारी ठाण्याच्या ऑफिसात अचानक सकाळी बोलावलं. तिथे एवढी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मागवलेली टॅक्सी सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. खिशात हात गेला तर चावी लागली. खिळा वीस पावलांवर. एवढ्या सकाळी कोण निघणार, असं म्हणून मी टॅक्सीत बसलो. मंगळवार आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

ठाण्यात खोपटला उतरतो तोच फोन. काकूंचा मुलगा. "दादा, चावी खिळ्याला नाहीये. तू घरी पण नाहीयेस. आई खाली येऊन बसलीये."

"आलोच, पंधरा मिनिटांत पोचतो," मी म्हणालो.

खोपटहून कोपर पंधरा मिनिटांत कुणी पोचत नाही. ते मला ठाऊक होतं, त्यालाही असावं. पण आपल्याकडे असंच बोलतात. तसंच उलट फिरलो आणि साकेतच्या पुलावर ट्रकांच्या मध्ये रुतलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. पुन्हा फोन आला. "पोचलोच," मी म्हणालो. खरं बोललो असतो, तर त्यानं तेव्हाच रिक्षा बोलावली असती. माझ्या शब्दावर ती माणसं थांबली. तिकडे नऊ जणांनी माझी गाडी ढकलून पाहिली. इकडे मी टॅक्सीत बसून घाम पुसत होतो आणि माझी मलाच किळस येत होती.

नऊ वाजता त्यांनी रिक्षा केली. खड्ड्यांतून, कंबर धरून काकू कल्याणला गेल्या. चार तासांऐवजी अडीच तास मशीन मिळाली.

मी त्या दिवशी परत ऑफिसला गेलो नाही. दुपारी फाटकाशी उभा राहिलो. रिक्षा आली. काकूंचा चेहरा सुजलेला होता, श्वास लागत होता. मुलगा माझ्याकडे न बघता रिक्षाचे पैसे देऊ लागला. मी हात पुढे केला, तो धरून त्या उतरल्या आणि दम खात तिथेच थांबल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण काकूच आधी बोलल्या.

"अरे, तुझ्या गाडीला ओरखडा नाही ना रे पडला? मी सांगत होते सगळ्यांना, महागाची गाडी आहे, हात नका लावू. ऐकलं नाही कुणी. मलाच कसंतरी वाटत होतं बाबा."

"नाही काकू," मी म्हणालो. "ती हललीच नाही."