काचेला चिकटलेलं जहाज

सुरीचं टोक काचेखाली कोपऱ्यात सरकवलं आणि कागदाचा टवका निघाला. मी हात आखडला. समोर हट्टा गावच्या गयावहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आखाडा बाळापुरात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. शाळा तिसरीपर्यंत. पण देव, पुढारी, वारलेली माणसं, सगळ्यांना काचेत मीच बसवलं. माझं काम कधी परत आलं नाही.

हे चित्र मात्र मी बसवलेलं नव्हतं. वहिनींचे मालक मारोतराव नेव्हीत होते. नोकरी जहाजावर आणि सुट्टीत चित्रंही जहाजांचीच. हे त्यांचं एचिंग. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, तेजाबाने त्या खोल करायच्या, त्यात शाई भरून पत्रा कागदावर दाबायचा. लाटा फोडत समोरून येणारं जहाज. खाली कोऱ्या जागेत पेन्सिलीने सही. पत्रा कधीच गेला. घरात ही एकच प्रत उरली. लकव्यानंतर मारोतरावांच्या हाताला आता सही जमत नाही.

"झालं काय पण?"

"खंडेनवमीला औजारं पुजली, भाऊ. यांची रोजी जहाजावरच व्हती ना? म्हणून जहाजालाबी कुंकू लावलं, पाणी शिंपडलं. काचेला तडा व्हता, ते ध्यानातच न्हाई आलं."

पाणी तड्यातून आत उतरलं. कागद काचेला चिकटून वाळला, तोही नेमका सहीवर.

"मारोतरावाला विचारू."

"नगं! ते नांदेडला पोरीकडं गेलेत. यायच्या आत काढून द्या."

फोटो असता तर पाण्यात टाकला असता. इथं शाई, पेन्सिल. धुऊन गेली तर? वाफ दिली, उन्हात ठेवलं. सही सुटेना. शेवटी म्हणालो, "वहिनी, मला जमून न्हाई राहिलं." हे वाक्य माझ्या दुकानात आधी कुणी ऐकलं नव्हतं. वहिनींनी नांदेडला फोन लावला.

मारोतराव काठी टेकत आले. कोपरा बघितला.

"सुरी काहून लावली?"

"मग काय फुंकर मारू?"

"पाण्यात टाक."

"सही जाईल."

"अरे, कागद भिजवूनच छापला मी. शाई तेलाची हाय. पेन्सिल पाण्यानं जात न्हाई. मी समुद्रावर जिंदगी काढली अन् तू परातभर पाण्याला भिऊन राहिला!"

"मंग तुमीच बुडवा."

"हात थरथरतो. तूच बुडव."

शेजारच्या हॉटेलातून परात आणली. काचेसकट चित्र बुडवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग काच हळूच हलली. मी ती खालून अलगद ओढली. सही जशीच्या तशी.  

कुंकवाचा फिक्का डाग तेवढा राहिला.

"घासू का?"

"पडलाय कुठं बघ. जहाजाच्या डाव्या अंगाला. रात्रीचा तिथं लालच दिवा असतो, बराबर जागी हाय." मारोतराव वहिनींकडे बघून म्हणाले, "मीच काढायचा विसरलो व्हतो."

वहिनी पहिल्यांदा हसल्या.

चित्र पांढऱ्या कपड्यात दाबून वाळवलं. नव्या फ्रेममध्ये काच आणि कागदाच्या मधे जाड पुठ्ठ्याची कड दिली. फाटका कोपरा तिच्याखाली गेला.

चित्र काढणारा जिवंत असेल तर सुरी उचलायच्या आधी त्याला विचारावं. आणि जहाजाची पूजा करायचीच असेल तर फूल वाहावं. पाणी त्यानं पुष्कळ बघितलेलं असतं.