उत्तरेचा बर्फ

आर्डिस क्वामच्या तोंडी लागू नये, हे आमच्या तळ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र ते कोण सांगणार? ते बिचारे महागडे गळ आणि वर्षभराचा उत्साह घेऊन तिच्या खिडकीशी उभे राहतात आणि विचारतात, "आज मासे लागतील ना?"

"मला त्यांनी अजून फोन केलेला नाही," आर्डिस म्हणते आणि कॉटेजची किल्ली फेकते. हातात देत नाही, फेकते.

तरी माणसं येतात. तिच्या कॉटेजमधल्या शेगड्या नीट पेटतात. गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटांत गळ सोडायला बर्फाला भोकं वेळेवर पाडलेली असतात. वॉलआय हा मासा उजेड मरता मरता तोंड उघडतो, म्हणून संध्याकाळी ती कुणाला भोकं पाडायचं गिरमिट चालवू देत नाही की गाणी लावू देत नाही. एकाने ऐकलं नाही. आर्डिसने खोपटाचं दार उघडलं, त्याचा रेडिओ उचलला आणि भोकातून खाली सोडला. "आता मासे ऐकतील," म्हणाली.

मला ती आवडते असं कुणी समजू नये. मी टोइवो, वळणावर माझं आमिषाचं दुकान आहे. टाक्यांमधून जिवंत बारके मासे ठेवतो आणि बादलीने विकतो. एकदा तिच्या बादलीत थोडे मेलेले निघाले, तर तिने ती अख्खी बादली माझ्या काउंटरवर उलटी केली. पण तिच्या भावाचं, व्हर्लिनचं, तर मला तोंडही बघवत नाही. हिची जीभ म्हणजे सुरी, त्याची म्हणजे गुळाची ढेप. बापाचं एक रिसॉर्ट दोघांत वाटलं गेलं, मधे कुंपण आलं, आणि पुढे तर दोघांमधून विस्तव जाईना.

कारण होतं हारलन. आर्डिसचा नवरा. मवाळ माणूस, बायकोने शिव्या घातल्या की शीळ घालत बाहेर पडायचा. मार्च लागला होता, बर्फ वितळायला लागला होता आणि सगळी खोपटं काठावर ओढून झाली होती. उत्तरेच्या खडकाजवळ तेवढं एक राहिलं होतं. सकाळी व्हर्लिन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आर्डिस भांडी घासत होती. "आत्ताच तिकडून आलोय," तो हारलनला म्हणाला. "बर्फ पक्का आहे, बिनघोर जा." हारलन गेला, तो बर्फ फुटून पिकअपसकट पाण्याखाली गेला.

मयतानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमची सँडविचं आणि कॉफी. व्हर्लिन एका हाताने सँडविच धरून दुसऱ्याने डोळे पुसत होता आणि जमलेल्यांना सांगत होता, "काय बोलायचं? एका खोपटापायी हिने त्याला पाठवला." आर्डिस कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती. तिने ते ऐकलं. आयुष्यभर कुणाचं एक न ऐकून घेणारी बाई, त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर तिने खरं काय ते सांगून पाहिलं, तर व्हर्लिन म्हणाला, दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. लोकांना पटलं. तोंडाळ बाईबद्दल लोकांना काहीही पटतं. चीड येते मला या गावाची.

त्यानंतर ती व्हर्लिनशी बोलली नाही. आणि उत्तरेला तिने ना स्वतः पाऊल टाकलं, ना कुणाला टाकू दिलं. वॉलआयची सगळ्यात मोठी झुंड त्या खडकापाशी असते. पाहुणे हात जोडायचे, पण ही ढिम्म. "उत्तरेचा बर्फ बेइमान आहे," म्हणायची. "एका तासात फिरतो." तिच्या लेखी व्हर्लिनचा गुन्हा एवढाच, की स्वतःचा शब्द गिळून त्याने दोष तिच्या गळ्यात बांधला. तो तिकडून सुखरूप आला आणि तासाभरात बर्फ फिरला. नवरा मारला तो बर्फाने. व्हर्लिन दर हिवाळ्यात वरचा बर्फ सारून उत्तरेला रस्ता काढायचा, आणि तिचे जुने पाहुणे एकेक करून कुंपणापलीकडे गेले. तिने ते दात-ओठ खात बघितलं, पण तिकडचा रस्ता काही काढला नाही.

यंदा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी व्हर्लिनच्या खोपटांवर आमिष पोचवायला गेलो होतो. मनात काही असो, धंदा तो धंदा. दुपारी वारा फिरला आणि काठाला समांतर जी लांबलचक भेग दर वर्षी पडते, ती उघडायला लागली. भेगेवर दोघा भावंडांचा एकेक पूल असतो: दोन लोखंडी तुळया, वर जाड फळ्या, साखळीने ट्रॅक्टरला बांधून सरकवता येईल असा. व्हर्लिनच्या पुलाचं एक टोक सुटून पाण्यात गेलं. त्याचे सगळे पाहुणे गाड्यांसकट तळ्याच्या बाजूला अडकले. आता काठाला लागायचं तर आर्डिसच्या पुलावरून.

ती पलीकडे हातात पहार घेऊन उभी होती. एकेक गाडी तिने हळू सोडली. प्रत्येक खिडकीशी वाकून विचारत होती, "काय, उत्तरेला मजा आली ना?" कुणी मान वर केली नाही.

शेवटी राहिलो आम्ही दोघं. व्हर्लिन पिकअपमध्ये आणि त्याच्या मागे स्नोमोबाइलवर मी. आर्डिस ट्रॅक्टरवर चढली आणि तिने पूल तिच्या बाजूला ओढून घेतला.

"अगं आर्डिस! मी अजून इकडेच आहे!" मी ओरडलो.

"दिसतंय मला. साक्षीदार लागतो." ती खाली उतरली. "टोइवो, त्याला सांग, माझ्या दाराशी हारलनला काय म्हणाला होतास ते मोठ्याने बोल."

"व्हर्लिन, ती म्हणते..."

"बहिरा नाही मी!" व्हर्लिन खाली उतरला. "तिला म्हणावं, हा तमाशा बंद कर. माझ्या गिऱ्हाइकांसमोर काय लावलंय?"

"गिऱ्हाइकांसमोरच," आर्डिस मला म्हणाली. पलीकडे गेलेल्या गाड्या थांबल्या होत्या. काचा खाली होत होत्या.

ती पुलाच्या टोकावर बसली आणि थर्मासमधून कॉफी ओतून घेतली. आमच्यामधलं काळं पाणी रुंदावत होतं. पुलाची लांबी संपली असती तर मग तिच्याही हातात काही राहिलं नसतं, आणि हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. दर घोटाला ती पाण्याचं अंतर नजरेने मोजून घेत होती. मला तिचा असा राग आला म्हणता! साक्षीदार म्हणे! मला काय पोहता येतं?

व्हर्लिनने आधी गूळ लावून पाहिला. "अगं, आपल्या आईला काय वाटलं असतं? एका रक्ताची माणसं आपण."

आर्डिस फुंकर घालून कॉफी प्यायली.

मग त्याचा ताबा सुटला. "एक दिवस त्याला सुखाने जगू दिलं नाहीस तू! तुझ्या तोंडापासून सुटका म्हणून जायचा तो बर्फावर!"

तिने कपाकडे बघितलं. "टोइवो," ती म्हणाली, "त्याला सांग, ते मला माहीत आहे."

 

आमच्या मागे कुठेतरी बर्फ धडाडला आणि पायाखालून हादरा गेला. व्हर्लिन पिकअपला धरून उभा राहिला. "बरं! म्हणालो! बर्फ पक्का आहे, जा, असं मीच म्हणालो! झालं समाधान? आता पूल टाक!"

"आत्ताच तिकडून आलोय, असंही म्हणाला होता. विचार त्याला."

"कुठून येणार होतो!" व्हर्लिन किंचाळला. "अंथरुणातून उठून आलो होतो मी! त्याने विचारलं, मी बोलून गेलो. माणूस बोलून जातो!"

आर्डिस उठली. कप खाली पडला तरी तिचं लक्ष नव्हतं. "तू गेलाच नव्हतास?" तिने विचारलं. मला नाही, त्याला. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा.

"नाही."

"मग शेवटचा कधी गेला होतास?"

"त्या आठवड्यात गेलोच नव्हतो." त्याचा आवाज बारीक झाला होता. "सगळीकडे बर्फावर पाणी आलं होतं म्हणे. मला काय माहीत?"

मला वाटलं, आता ही पहार फेकून मारणार. तिने पहार उचलली, ट्रॅक्टरला टेकवून ठेवली आणि वर चढून पूल पुढे सरकवला. फळ्या जेमतेम पोचल्या. व्हर्लिन गाडी घेऊन तिच्या शेजारून गेला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या गिऱ्हाइकांनी काचा वर घेतल्या. मी पलीकडे पोचलो आणि तिच्याशी भांडायला थांबलो. पण ती उत्तरेकडे बघत होती.

"एका तासात फिरतो म्हणत आले मी," ती म्हणाली. "सगळ्यांना. इतकी वर्षं. तो फिरलाच नव्हता."

 भांडण तसंच राहिलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिने तिने हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस-बटाट्याचं जेवण, करून आर्डिसच्या दाराशी रांग लावली. "आता आठवण झाली?" ती प्रत्येकीला म्हणाली. "भांडं परत न्यायला येऊ नका, मिळणार नाही." हॉटडिश मात्र तिने सगळ्या ठेवून घेतल्या.

पुढच्या शनिवारी व्हर्लिन माझ्या दुकानात उभा राहून माझ्याशी गोडीत येऊ पाहत होता. बाहेर तिचा ट्रॅक्टर वाजला, तसा तो टाक्यांमधून वाट काढत मागच्या दाराने पसार झाला. जाताना एक बादली लाथाडून गेला. आर्डिस आत आली. फरशीवर तडफडणारे मासे आणि उघडं मागचं दार, दोन्ही तिने बघितलं.

"दुप्पट दे आज," ती म्हणाली. "सगळे जिवंत. एक जरी मेलेला निघाला तर बादली तुझ्या डोक्यावर."

"दुप्पट कशाला?"

"पाहुण्यांना उत्तरेच्या खडकावर नेतेय."

माझा हात टाकीतच थांबला. "आणि बर्फ?"

"पक्का आहे. आत्ताच तिकडून आलेय," आर्डिस म्हणाली, आणि बुटांवरचा बर्फ माझ्या फरशीवर झटकला.