बुजवलेल्या चिरा

माझा धाकटा भाऊ फरश्या बसवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, घरात आम्हीसुद्धा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही, आणि पुढे कधी कुठे चीर पडल्याचं कानावर आलं तर न बोलावता जाऊन बुजवून यायचा. बायको गेली तेव्हा चारच दिवसांत तो कुणाच्या तरी न्हाणीघरात गुडघे टेकून कामाला लागला होता. लोक म्हणाले, धीराचा माणूस. मला धीरबिर काही दिसला नाही. मला तो बधिर झालेला दिसला.

पुढे गुडघ्यांनी हात टेकले, काम सुटलं आणि मिस्त्री खुर्चीत बसला तो बसलाच. टीव्ही लावायचा, पण आवाज बंद करून. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. मी मागच्याच गल्लीत राहते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखत चाललेलं, आणि माझा स्वभाव काही गप्प बसणाऱ्यातला नाही. नगरपालिकेने रेल्वे फाटकापलीकडची मोकळी जागा तुकडे पाडून लोकांना भाजी लावायला द्यायची ठरवली, तेव्हा मी त्याला न विचारताच त्याच्या नावाने अर्ज ठोकून दिला. अट एकच होती. पाहणीच्या दिवशी तुकड्यावर काही उगवलेलं दिसलं नाही, तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. जागा गेली तर हा परत खुर्चीत जाणार आणि मग काही उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याने वाद घातला नाही. नाही म्हणायचेही कष्ट घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून गेला.

तुकडा म्हणजे दगड, बाटल्यांच्या काचा आणि हरळी. ते सगळं त्याने मुकाट्याने काढलं. मग दोरी लावली, लाकडी पट्टी फिरवून माती एका पातळीत आणली आणि वर लेव्हल ठेवून बघितली. मी विचारलं, इथे काय पलंग टाकायचाय का? तो हसला नाही. शेजारच्या तुकड्यावर एक रिटायर झालेली नर्स होती, तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. पाहणीच्या कमिटीवरही तीच होती. तिने त्याला मूठभर घेवड्याचं बी दिलं, बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचायला सांगितलं. मिस्त्रीने दोरीवर अगदी सुतात बी लावलं आणि वरून माती थापून गुळगुळीत केली.

सिस्टरच्या वाफ्यात रोपं टरारून वर आली. ह्याच्याकडे ठणठणाट. मुंग्यांनी खाल्लं म्हणावं तर मुंग्या नाहीत, पाखरांनी उकरलं म्हणावं तर एक ढेकूळ हललेलं नाही. तो मात्र रोज सकाळी न चुकता जात होता. पाहणी दोन दिवसांवर आली तशी माझा जीव टांगणीला लागला. एके सकाळी मी त्याच्या मागोमाग गेले, म्हटलं हा तिथे करतो तरी काय ते बघू.

मिस्त्री वाकून थापीने ओळीवर ओली माती फिरवत होता. हलक्या हाताने, मन लावून, जन्मभर सिमेंट फिरवलं तसं. मी विचारलं, हे काय चाललंय.

"चिरा पडतात," तो म्हणाला. "रोज सकाळी नव्या. बुजवतोय."

चिरा होत्या खऱ्या. पण त्या फक्त बियांच्या ओळीवर होत्या. मी बोटाने माती उकरली, तर आत घेवड्याची पांढुरकी मान, वाकलेली, वर यायला धडपडणारी. म्हणजे बी केव्हाच रुजलं होतं. ते माती फोडून वर येऊ बघत होतं आणि हा गृहस्थ रोज सकाळी त्याला परत गाडून घरी येत होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो त्या मानेकडे बघत राहिला. "चीर दिसली की हात जातोच," एवढंच म्हणाला.

माझा आवाज ऐकून सिस्टर आली. तिने बरंच उकरून बघितलं. पुष्कळ बी कुजलं होतं, थोडंफार जिवंत होतं. तिने त्याच्या हातातून थापी काढून घेतली, आणि पाहणीपर्यंत मातीला बोट लावायचं नाही अशी तंबी दिली. मिस्त्री पालथ्या बादलीवर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी चहा नेला तर एकच हात बाहेर काढायचा.

पाहणीला मी भांडणाच्या पूर्ण तयारीने गेले होते. पण एका ओळीत माती उचलली गेली होती आणि चारपाच रोपं वर आली होती. वाकडीतिकडी, एकाच्या डोक्यावर बियाचं साल अजून अडकलेलं. कमिटीतल्या एका माणसाने नाक मुरडलं, म्हणाला, एवढंच? सिस्टर म्हणाली, उगवलेलं दिसलं पाहिजे असं ठरलंय, किती ते ठरलेलं नाही. ते पुढे गेले. जागा राहिली.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो रोपांकडे बघत उभा होता.

"ताई, मला काहीच वाटत नाहीये," तो म्हणाला. "ती गेली तेव्हाही काही वाटलं नाही. म्हटलं, हे उगवलं तर निदान आता वाटेल."

मी भीत भीत विचारलं, "मग उद्या येणार नाहीस?"

"येईन की," तो म्हणाला. "पाणी कोण घालणार?"

आणि तो नळाकडे निघाला. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि त्याच्या वाटचंसुद्धा मीच रडून घेतलं.