डाव्या बाजूचे ओरखडे

विकण्यापूर्वी बाबांची जुनी गाडी मी स्वस्तात रंग देणाऱ्या एका शेडमध्ये नेली. पॉलिशपेपरने पत्रा घासता घासता पेंटरकाका थांबले. "ताई, सगळे ओरखडे डावीकडेच आहेत. चालवणाऱ्याला त्या बाजूचं दिसत नव्हतं काय?"

प्रयोगशाळेत तीन नोंदी एकाच दिशेने झुकल्या तरी मी कारण शोधू लागते. घरी मात्र वर्षभर प्रत्येक ओरखड्याला मी बाबांचा निष्काळजीपणा म्हणत राहिले. आपल्या माणसाच्या चुकीत आपल्याला फक्त स्वभाव दिसतो. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले; काचबिंदूचे निदान झाले, तेव्हा त्यांचा डावा डोळा गेलेला होता.

चार दिवसांनी गाडी रंगून आली, तेव्हा बाबांनी नव्या रंगावरून सावकाश हात फिरवला. "आता रागावू नकोस," ते हसून म्हणाले, "हाताला कुठेच ओरखडा लागत नाही."