कोड पिंक ऐकलेली दुपार

माझी मुलगी शहापूरच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये जन्मली. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, उंबरमाळीला आले होते आणि ऐन वेळी सिझर करावं लागलं. त्यानंतरचे दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. विहिरीत बुडी मारून वर बघावं तसे आठवतात. औषधांची गुंगी, पडद्यातून आत आलेला उन्हाचा पट्टा, आणि छताजवळच्या स्पीकरमधून मधूनच रंगांची नावं घेणारा एका बाईचा आवाज.

पहिल्यांदा ऐकलं ते ‘कोड ब्लू’. आवाज इतका मऊ, की कुणाला तरी जोजवतायत असंच वाटलं. मग बाहेर पळणारी पावलं ऐकू आली. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला मी विचारलं, हे काय असतं. ती किन्हवलीकडची, माझ्याच वयाची होती.

“ब्लू म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडलंय,” ती म्हणाली. “हातातलं टाकून डॉक्टरांनी पळायचं. रेड म्हणजे आग लागली.”

“मग सरळ आग लागली असं का नाय सांगत?”

“सगळे पेशंट जिन्यावरनं धावत सुटतील ना! तुमीच पहिल्या, टाक्यांसकट.”

ती हसली आणि पुढचा रंग सांगायला लागली, पण तो ऐकायच्या आत मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खाली औषधं आणायला गेली होती. बाळ शेजारच्या पाळण्यात होतं. मला डोळा लागला आणि स्वप्नात मी सासरी, धसईजवळच्या आमच्या खळ्यावर होते. भात झोडणं चाललं होतं. भोवती सगळा ताज्या पेंढ्याचा वास. धुळीत ऊन तरंगत होतं आणि कुणीतरी अगदी जवळून म्हणालं, “नीज गो बाय, नीज.”

मग खळ्यावरच तो आवाज आला. “कोड पिंक, दुसरा मजला. कोड पिंक.” झोपेतच मला बरं वाटलं. कुणाला तरी मुलगी झाली असणार. मुलींना गुलाबी दुपटी घेतात, त्यांचाच तो रंग. मी त्या रंगात छान पडून राहिले. ढगावर पडावं तशी.

आवाज पुन्हा आला. कुठेतरी शटर खाली ओढल्याचा खडखडाट झाला. मी डोळे उघडले तर सिस्टर पाळण्याशी उभी होती, एक हात रिकाम्या चादरीवर.

“बाळ कुणाकडे दिलंत?”

“कुणाकडेच नाय. का?”

तिचा चेहरा उतरलेला होता. फेरीवर आली तर मी गाढ झोपलेली आणि पाळणा मोकळा, म्हणून तिनंच खाली फोन केला होता. पिंक म्हणजे बाळ सापडत नाही. बाहेर जायचे सगळे दरवाजे बंद.

भीतीसुद्धा मला चटकन आली नाही. कापसातून वाट काढत यावी तशी सावकाश आली आणि आली ती थेट टाक्यांत. मी उठायला गेले. पाळण्याच्या कडेला हात टेकला, तर हाताखाली पेंढ्याची एक काडी होती.

“सासरे,” मी म्हटलं. “माझे सासरे आले होते.”

सिस्टर धावली. तोवर वॉचमनला ते सापडलेच होते. मजल्याच्या टोकाला, जिन्यामागे, माहुलीच्या डोंगराकडची एक खिडकी आहे. तिथे ते उन्हात भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, मांडीवर बाळ, डोक्याला टॉवेल. वॉचमननं विचारलं, “बाबा, हे बाळ कुणाचं?” तर म्हणाले, “कुणाचं म्हणजे? आमचं.”

स्पीकर त्यांनीही ऐकला होता. “मला वाटलं, यष्टी लागली कुठचीतरी. धसईचं नाव आलं नाय, म्हणून बसून ऱ्हायलो.”

डॉक्टर सासऱ्यांना चांगलंच बोलले. मनगटावरच्या पट्ट्या पुन्हापुन्हा जुळवून पाहिल्या गेल्या. आई जिन्यातच अडकली होती. वर आल्यावर तिला सगळं कळलं आणि ती आधी रडली, मग चिडली. “अहो व्याही, एक शब्द सांगून न्यायचं ना!”

सासरे दारातच उभे. घरी ते माझ्याशी कधी थेट बोलत नसत. “तिला सांग, चहा ठेव,” असं सासूबाईंमार्फत चालायचं. आताही ते भिंतीकडे बघत म्हणाले, “ती निजली होती. पोर कुरकुरत होती. म्हटलं, आईला जरा निजू दे.” मग म्हणाले, “माझी पोरं मी अशी कधी घेतली नाय. शेतावरनं येईस्तोवर ती मोठीच झाली.”

मला रागावता येईना. बाळाला मी घट्ट धरलं होतं, सोडवत नव्हतं. तरी म्हटलं, “बाबा, आत या. माझे टाके दुखतायत, हिला जरा धरा.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. तिनं खुर्ची पुढे ओढली. “धरा. पण हितनं हलायचं नाय.”

ते बसले. उन्हाचा पट्टा सरकत त्यांच्या पायांवर आला. मी डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिले, कारण ते हळू आवाजात नातीशी बोलत होते. यंदा भात बरा झालाय, काकाला झोडणीला ठेवून आलोय, म्हैस परवा व्यायली, तुझ्या आईसाठी खरवस ठेवायला सांगितलाय. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

“बाबा,” मी डोळे न उघडता म्हटलं, “मी येईस्तोवर खरवस टिकायचा नाय.”

खुर्ची माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला. मग थेट मला म्हणाले, “मग उद्या घेऊन येतो.”

आणि आणला. सकाळच्या पहिल्या गाडीनं, स्टीलच्या डब्यात, वर केळीचं पान. टाके ओले आहेत म्हणून सिस्टरनं मला एकच वडी खाऊ दिली. बाकीचा डबा त्या मजल्यावरच्या सगळ्या सिस्टरांनी मिळून संपवला आणि वॉचमनही दोन वड्या घेऊन गेला.