बुडालेल्या गावाचे टपाल

मंगळवारी सकाळी स्वारगेट बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर एका बाईने एका गावाची गाडी विचारली. ते गाव धरणात गेल्याला चाळीस वर्षे झाली होती.

मी तेव्हा त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेचसे तपशील आता पुसट झाले आहेत. हा तपास मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांगता येतो.

आमच्या हवालदाराने बाईंना ठाण्यात आणून चहा दिला. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवले.

"लेकाचं पत्र हाय. गावास्नं आलंय. शिक्का बघा की."

त्यांना वाचता येत नव्हते. बोट सारखे शिक्क्यावरून फिरत होते. शिक्का गोल होता, गावाच्या शाखा डाकघराचा. त्यावरची तारीख आठ दिवसांपूर्वीची होती.

तासाभराने कर्वेनगरहून त्यांची मुलगी आली. निवृत्त शिक्षिका. आईचा कप रिकामा पाहून ती हवालदाराला म्हणाली, "चहा दिलात, उपकार झाले. स्टँडवर आईला कोणी बसासुद्धा म्हटलं नाही."

तिने सांगितले ते असे. तिचा मोठा भाऊ अठराव्या वर्षी मुंबईला कामाला गेला. ती तालुक्याच्या वसतिगृहात शिकत होती. भावाची पत्रे गावाच्या डाकघरात येत. गाव उठले आणि पत्रे थांबली. आता सहा महिन्यांपासून दर महिन्याला एक कार्ड येत होते. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' खाली भावाचे नाव. गावाचा शिक्का पाहून आईने धरून चालले होते, की गाव पुन्हा कुठेतरी वसले आहे आणि मुलगा तिथे परतला आहे.

"गेल्या महिन्यात सोसायटीच्या फाटकातून परत आणली, आज स्वारगेटवरून. पुढच्या वेळी कुठून आणायची?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "धरणग्रस्त म्हणून मिळालेली जमीन वाघोलीला आहे. सगळीकडून टॉवर उभे राहिलेत. उद्या कोणीतरी 'मीच तो मुलगा' म्हणत येईल."

मलाही तेच वाटले. मी तक्रार घेतली.

असे डाकघर होते का, इथून सुरुवात करावी लागली. टपाल कार्यालयातल्या चालू यादीत ते नव्हते. एका जुन्या कारकुनाने बांधीव रजिस्टर शोधून काढले. त्यात नाव होते आणि त्यावर लाल शाईची रेघ होती. पुनर्वसन कार्यालयात कळले, की गाव तीन ठिकाणी विभागून वसवले आणि तिन्ही ठिकाणांना नवी नावे पडली. एक गाव कागदावर सापडायला मला चार दिवस लागले. पाण्याखाली जायला त्याला एक पावसाळा पुरला होता.

सुगावा लागला तो कर्वेनगरच्या पोस्टमनकडून. त्याने कार्ड उजेडात धरले. "साहेब, असला जुना शिक्का आमच्या खात्यात आता कोणी मारत नाही. खाली पुसट दिसतोय ना, तो खरा. वाघोलीकडचा."

वाघोलीत टपालपेटीशेजारी एक चहावाला होता. तो म्हणाला, "एक आजोबा येतात महिन्यातून एकदा. कार्ड टाकतात आणि पेटी उघडणारा येईपर्यंत हलत नाहीत. त्याला उशीर झाला तर घड्याळ दाखवून झापतात."

तेव्हाच माझा संशय निम्मा उतरला. फसवणारा माणूस कार्ड टाकून निघून जातो. पेटी उघडायच्या वेळेवरून भांडणारा माणूस टपाल खात्यातलाच असणार.

तसाच निघाला. सत्त्याहत्तर वर्षांचे, मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. त्या गावचे पोस्टमास्तर. मी साध्या कपड्यांत गेलो होतो. ओळख दिली आणि थेट विचारले, "शिक्का कुठे आहे?"

ते उठले आणि ट्रंकेतून कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली.

"डाकघर बंद झालं तेव्हा तराजू, पेटी, थैली जमा केली. शिक्का पाण्यात गेला, असं लिहून दिलं. नोकरीत खोटं तेवढंच."

"तेवढंच?"

त्यांनी पिशवीची नाडी सोडून शिक्का बाहेर काढला.

"गावात वाचणारे आम्ही दोघं-तिघं," ते म्हणाले. "टपाल आलं की शिक्का मारायचा आणि मीच वाचून दाखवायचं. काकी दर बाजाराच्या दिवशी ओढा ओलांडून यायच्या. पहिली दोन कार्डं त्यांच्या मुलाची. मग काही नाही. पाच-सहा बाजार त्यांना नाही म्हणालो. सातव्याला मीच कार्ड लिहिलं, शिक्का मारला, वाचून दाखवलं. नंतर थांबता आलं नाही. आठ वर्षं लिहीत होतो."

"आणि आता?"

"गेल्या वर्षी गाववाल्यांचा मेळावा झाला. काकी म्हणाल्या, मास्तर, गावासंगं माझं टपाल बी बुडालं. त्यांच्या मुलीकडून पत्ता घेतला मी. त्या गावी जायला निघतील, हे डोक्यात आलं नाही हो. तिकडे हा शिक्का म्हणजे पत्र पोचलं एवढाच अर्थ असायचा."

"मग तारीख मागची का नाही घातली?"

"मागची तारीख घालायची नसते, साहेब."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कर्वेनगरला नेले. मुलीने आईच्या ट्रंकेतले जुन्या कार्डांचे पुडके आधीच काढून ठेवले होते. वरची दोन कार्डे एका हाताची, बाकी सगळी दुसऱ्या. तिला काही सांगावे लागले नाही.

बाईंनी दारातल्या माणसाला लगेच ओळखले. "मास्तर, टपाल हाय का?"

मास्तर उभेच राहिले. "नाही काकी. टपाल नाही. पहिल्या दोन कार्डांनंतर कधीच आलं नाही. बाकीची मी लिहिली."

बाई म्हणाल्या, "तवाच सांगायचं व्हतं. मी ममईला जाऊन हुडकला असता. तवा माझं पाय चालत व्हतं."

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाई माझ्याकडे वळल्या.

"सायेब, हरवलेलं मानूस लिवून घेता ना तुमी? माझा लेक लिवून घ्या."

मुलीने तक्रार पुढे चालवली नाही. शिक्का मी पत्रासोबत टपाल खात्याकडे पाठवला. त्याच दुपारी मिसिंग रजिस्टरमध्ये नोंद घेतली. रंग, बांधा, अंगावरचे कपडे. सदऱ्याचा रंग बाईंनी न अडखळता सांगितला. हवालदाराने विचारले, "वय तेव्हाचं लिहू की आत्ताचं?"

"अठरा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या कधी घर सोडून निघाल्या नाहीत.

दयेपोटी बोललेले खोटे पोलिसाला नेहमी भेटते, आणि ते सोडून द्यावे असेच वाटते. त्या घरात मला कळले, की अशा खोट्यात ऐकणाऱ्याचा वेळ जातो. मास्तरांना मी तेव्हा मनातल्या मनात दोषी ठरवले होते. गेल्या वर्षी माझ्या पत्नीचे तपासणीचे अहवाल मी तिला वाचून दाखवत होतो. तिचा चष्मा बदलायचा राहिला होता. "ठीक आहे म्हणताहेत," असे मी तीन वेळा वाचले; कागदावर तसे काही नव्हते. ती चालू शकत होती तोवर तिला कुठे जायचे होते, हे मी विचारले नाही.

बाई दीड वर्षाने गेल्या, मास्तर त्यानंतर. गाव नाही, डाकघर नाही. रजिस्टरमध्ये ती नोंद आहे. वय अठरा, शोध चालू.